नॉनस्टॉपकाकांची नळी

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नॉनस्टॉपकाकांना जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसलं होतं. ते बघून काका दचकलेच. गेली तीन वर्षं ऊन दिसायच्या आत त्यांच्या बाथरूमच्या निदान चार फेऱ्या झालेल्या असत. आज एकही नाही! ना उठणं, ना चपला चाचपडणं, ना बायकोची झोप मोडू नये म्हणून दाराची कडी चोरासारखी सरकवणं. सलग सात तास झोप. अशी झोप आपण शेवटची कधी घेतली होती, हे त्यांना आठवेना.

त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. पलंगाच्या कडेला हुकाला एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती. पांघरुणाखालून निघालेली बारीक नळी तिच्यात उतरली होती आणि रात्रभराचा सगळा कारभार तिथं निमूटपणे जमा झाला होता.

"वा!" काका पिशवीकडे बघून म्हणाले. "याला म्हणतात सोय."

"कुणाशी बोलताय?" शेजारच्या पलंगावरून शिंपीमास्तरांनी विचारलं. मास्तरांच्या खुब्याचं हाड बसवून पाच दिवस झाले होते. वॉर्डात सगळ्यात जुने तेच, त्यामुळं इतरांच्या कारभारात लक्ष घालणं हा आपला हक्कच आहे असं ते धरून चालत.

"पिशवीशी बोलतोय. मास्तर, ही वस्तू माणसाला जन्मतःच का देत नाहीत हो?"

"पाटलोणीत बसत नाही म्हणून," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

काकांनी एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती. सहा तासांचा रस्ता, मधे एक डोंगर, आणि वाटेत एकच ठरलेला थांबा, दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत बाकीचे लोक आडोशाकडे धावत, तेव्हा काका टायरवर लाथ मारून हवा बघत, उभ्या उभ्या चहा घेत आणि पुन्हा जागेवर येऊन बसत. बाकी कुठं म्हणजे कुठं गाडी थांबायची नाही. पोरांचं रडणं, म्हाताऱ्यांच्या विनवण्या, कंडक्टरचं तोंड वेंगाडणं, कशालाही ते बधले नाहीत. "मला लागत नाही, तर तुम्हाला कशी लागते?" हा त्यांचा ठरलेला सवाल. त्यावरून लोकांनी त्यांना नॉनस्टॉप म्हणायला सुरुवात केली आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. क्लच दाबून दाबून डावा गुडघा मात्र कामातून गेला. तो काल बदलला. कमरेखाली भूल दिलेली असतानाच लघवीची नळी घातली होती, त्यामुळं ती घालतात कशी, याचा काकांना पत्ताच नव्हता.

आठ वाजता वॉर्डाच्या मुख्य सिस्टर आल्या. मध्यम उंची, भरभर चाल आणि खिशाला अडकवलेली तीन रंगांची पेनं. यांना वॉर्डात सगळे तारीखबाई म्हणत, अर्थात त्या पाठमोऱ्या झाल्यावर. सुई असो, पट्टी असो, सलाईन असो, ज्याच्या त्याच्यावर त्या तारीख आणि वेळ टाकत. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक पलंगापुढं दोन रकाने होते. एकात नळी कधी घातली ते, आणि दुसऱ्यात ती अजून का ठेवली आहे ते.

"काका, झोप झाली?"

"सिस्टर, काय सांगू तुम्हाला! राजासारखी झाली."

"छान. मग आता नळी काढून टाकू."

काकांचा चेहरा पडला. "काढायची? एवढ्यात? कालच तर घातली."

"काल घातली, आज काढायची. ऑपरेशन चालू होतं तोवर तिचं काम होतं. ते संपलं."

"पण मला तिचा काहीच त्रास नाही!"

"तुम्हाला नसेल. पण जेवढे दिवस ती आत, तेवढे दिवस जंतूंना आत शिरायला रस्ता मोकळा. नवा गुडघा बसवलाय, त्यात मूत्रमार्गाला सूज आणि ताप कुणाला हवाय? शिवाय ही पिशवी लटकलेली असली की माणूस पलंगावरून हलत नाही. तुम्हाला चालवायचंय मला."

"दोन दिवसांनी काढा की," काकांनी आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगणार नाही."

तारीखबाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या रकान्यात काय लिहू?"

"लिहा, बरं वाटतं म्हणून."

"असा रकाना नाही, काका."

काकांनी मग वरच्या कोर्टात जायचं ठरवलं. साडेआठला हाडांचे डॉक्टर राउंडला आले. हे गृहस्थ हाताला फार चांगले होते, पण गुडघ्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली त्यांना कशातच रस नव्हता. त्यांनी पट्टी बघितली, पायाची बोटं हलवायला लावली आणि "एकदम फर्स्ट क्लास" म्हणून ते पुढं निघाले.

"डॉक्टरसाहेब," काकांनी त्यांना अडवलं, "ती नळी राहू द्या ना दोन दिवस."

"नळी? राहू दे की, काय बिघडतंय," डॉक्टर चालता चालता म्हणाले.

"सर," तारीखबाईंनी पेन उघडलं, "कारण काय लिहू?"

डॉक्टर थांबले. त्यांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे, मग छताकडे. पेन वाट बघत होतं.

"कारण... तसं कारण काही नाही," ते म्हणाले. "काढा, काढून टाका." आणि पुढच्या गुडघ्याकडे ते जवळजवळ पळतच गेले.

काकांच्या उशाशी बसलेल्या काकू हा सगळा तमाशा शांतपणे बघत होत्या. ज्या माणसाला घरी नवा दाढीचा ब्रश आणला तरी पटत नाही, त्याला पोटात घातलेली रबरी नळी एवढी कशी आवडली, याचं त्यांना कोडं पडलं होतं.

पडदा ओढला गेला. काकांनी डोळे घट्ट मिटले आणि पलंगाची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"दीर्घ श्वास घ्या. आता सोडा सावकाश."

काकांनी सोडला. आत काहीतरी सर्रकन सरकल्यासारखं वाटलं आणि थोडं चुरचुरलं.

"काढताय ना?"

"काढली सुद्धा," तारीखबाई म्हणाल्या. घड्याळ बघून त्यांनी फळ्यावर लिहिलं : नऊ वाजता काढली. मग त्यांनी मापाच्या रेघा असलेलं एक प्लास्टिकचं भांडं काकांच्या शेजारी ठेवलं. "आता तीन वाजेपर्यंत तुमची तुम्ही लघवी करायची. या भांड्यात. मला मोजायची आहे."

"आणि नाही झाली तर?"

"भुलीनंतर काहींना तासन्‌तास होत नाही. आत साठून राहते. मशीननं बघू किती साठलीय ते. फार असली तर पुन्हा नळी घालून काढून घ्यावी लागेल."

काकांच्या डोळ्यांत आशेचा किरण चमकला. "म्हणजे पुन्हा भूल द्यायची?"

"भूल कशाला? जागेपणीच. दोन मिनिटांचं काम."

किरण विझला. काकांनी एकदा त्या नळीकडे पाहिलं. सिस्टरांनी ती अजून ट्रेमधून उचलली नव्हती. आतापर्यंत त्यांनी तिचं फक्त पिशवीकडचं टोक पाहिलं होतं. आता दुसरं टोकही दिसलं, आणि मुख्य म्हणजे तिची लांबी दिसली.

"तीन म्हणजे किती तास झाले?"

"सहा," शिंपीमास्तर पलीकडून म्हणाले. "तुमच्या गाडीचा रस्ता तेवढाच ना?"

काकांनी लगेच पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि एका दमात अर्धा संपवला. तारीखबाईंनी तो हातातून काढून घेतला. "रोजच्यासारखं प्या. टाकी भरायला सांगितलेलं नाही मी."

दहा वाजता काकांना उभं केलं. वॉकरच्या दोन्ही मुठी धरून, ओठ चावत, ते अकरा पावलं चालले. एका बाजूला तारीखबाई आणि मागं काकू. नव्या गुडघ्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय असं वाटत होतं, पण काकांनी हूं की चूं केलं नाही. बाथरूममध्ये ते उंच केलेल्या कमोडवर बसले, भांडं धरलं आणि वाट पाहू लागले.

काहीच झालं नाही.

"झालं का?" दाराबाहेरून काकूंनी विचारलं.

"नाही."

दोन मिनिटं गेली.

"काका, झालं का?" सिस्टर.

"नाही हो."

आणखी दोन मिनिटं. मग वॉर्डातून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, "झालं का?"

काका भांडं कोरडंच घेऊन परतले. ज्या माणसानं एकतीस वर्षं लोकांना दाबून धरायला लावलं, त्याचं शरीर आता त्याच्याच हुकमाला इतकं सरावलं होतं, की सोड म्हटलं तरी सोडेना.

अकराच्या सुमाराला मेहुणा आला. काकूंचा धाकटा भाऊ, गुळगुळीत दाढी, हातात वर्तमानपत्र आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा स्वतः घेतलेला अनुभव. दोन वर्षांपूर्वी याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून डॉक्टर लोक फक्त पदवीनं पुढं आहेत, असं त्याचं मत होतं.

"काढली?" त्यानं कपाळाला हात लावला. "दुसऱ्याच दिवशी? दाजी, माझी नऊ दिवस ठेवली होती! नऊ! तेव्हाचे डॉक्टर पेशंटची काळजी घ्यायचे. हे तर अन्यायच झाला तुमच्यावर. आपण वर तक्रार करू."

"आणि दहाव्या दिवशी काय झालं ते सांग की," काकू म्हणाल्या.

"कुठं काय झालं?"

"थंडी वाजून ताप. दोन दोन रजया अंगावर घेऊन कुडकुडत होतास. परत भरती केलं, सहा दिवस इंजेक्शनं. तुझ्या बायकोनं किती दिवस पेज करून आणली!"

"तो हवा बदलल्याचा ताप होता, ताई."

"नळीतला होता. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू ऐकलं नसशील, तू तेव्हा त्यांना औषधं सुचवत होतास."

शिंपीमास्तरांना हसू आवरेना. मेहुण्यानं वर्तमानपत्र उलगडून तोंडापुढं धरलं, पण गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. पाचव्या मिनिटाला त्यानं पेपर खाली ठेवला आणि दाजींची केस स्वतःच्या हातात घेतली.

बारा वाजता दुसरी स्वारी निघाली. या वेळी मेहुणा बाथरूमच्या दारात उभा. त्यानं बेसिनचा नळ बारीक धारेवर सोडला. "पाण्याचा आवाज ऐका, दाजी. नुसता ऐका. मनात नदी आणा."

काकांनी मनात नदी आणायचा प्रयत्न केला. आली ती डोंगराखालची कोरडी ठणठणीत, पुलाखाली गोटे असलेली.

मग मेहुण्यानं तोंडानं शीळ घालायला सुरुवात केली, तान्ह्या पोराला घालतात तशी. "श्शूऽऽ... श्शूऽऽ..." पलीकडच्या पलंगावरचा एक पेशंट एकदम उठून म्हणाला, "सिस्टर, मला न्या आधी!" त्याची सोय झाली. मास्तरांनाही जावंसं वाटू लागलं. स्वच्छता करणारी बाई फडकं टाकून निघून गेली. त्या शिळेनं सबंध वॉर्ड मोकळा केला, एक काका सोडून.

"दोन थेंब," बाहेर येऊन काका म्हणाले.

मास्तरांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "याच्यात सुईसुद्धा ओली होणार नाही."

दीड वाजला. आता पोट तटतटलं होतं. ओटीपोटात एक जड गोळा येऊन बसला होता, आणि तरी दार काही उघडत नव्हतं. तारीखबाईंनी छोटं मशीन आणून पोटावर थंडगार जेली लावली आणि पडद्यावर बघून म्हणाल्या, "तीनशे. अजून वेळ आहे. घाई करू नका. पण चारशेच्या पुढं गेलं तर मात्र मी थांबणार नाही."

मेहुणा लगेच पुढं झाला. "माझं ऐका, गरम पाण्याची पिशवी..."

"तू जेवायला जा," काकू म्हणाल्या.

"मला भूक नाही, ताई."

"लागेल. जा." हा आवाज मेहुण्याच्या लहानपणापासून ओळखीचा होता. तो गेला.

काकूंनी सिस्टरांना विचारलं, "त्या टोकाला ते दुसरं बाथरूम आहे ना, रिकामं? तिथवर चालवलं तर चालेल?"

"चालेल काय, चालवाच. सावकाश या. मी जरा लांबून मागं येतेच."

वऱ्हांडा लांबलचक होता. काका टक टक करत वॉकर पुढं टाकत होते आणि काकू त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू चिमटीत धरून चालत होत्या. अर्ध्या वाटेत खिडकीखाली एक बाक होता. तिथं दोघं टेकली. खिडकीतून हॉस्पिटलची मागची गच्ची दिसत होती. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि एक माणूस त्यांच्यातून वाट काढत हरवल्यासारखा हिंडत होता.

"खरं सांगा," काकू म्हणाल्या, "ती नळी एवढी का हवी होती?"

काकांनी चादरींकडे तोंड फिरवलं.

"झोप लागली गं," ते म्हणाले. "तीन वर्षांत पहिल्यांदा."

"चार वेळा उठता रात्री. कधी पाच."

काकांनी चमकून पाहिलं. "तुला माहीत आहे?"

"कडी किती हळू सरकवा, ती कुरकुरतेच. मला काय ऐकू येत नाही?"

"मग बोलली नाहीस ती!"

"तुम्ही लपवत होता. म्हटलं, लपवू दे बापड्याला."

काकांनी वॉकरच्या मुठीवरचं रबर नखानं खरवडलं. "पोरीकडे जायला मी दोन वर्षं नाही म्हणतोय. गुडघ्याचं निमित्त सांगत होतो. गुडघा दुखत होताच, खोटं नाही. पण चार तासांचा रस्ता... मला तासाभराच्या वर धरवत नाही आता. मी! गाडीत बसून कुणाला कसं सांगू, थांबवा म्हणून? लोक काय म्हणतील? नॉनस्टॉप उतरला!"

काकूंना वाटलं होतं, आपला नवरा म्हातारपणी माणूसघाणा झालाय. पोरीनंही तसंच समजून फोनवर बोलणं कमी केलं होतं. बाबांना यायचंच नाही तर बोलवायचं कशाला, असं ती मागच्या महिन्यात म्हणाली, तेव्हा काकूंना रडू आलं होतं. आणि एवढ्यासाठी? त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. एखादं गाठोडं सोडावं की नको, असा.

"तुम्हाला एक सांगायचंय. चौतीस वर्षं सांगितलं नाही."

"आता काय?"

"पोरीच्या वेळी मला सातवा होता. मी तुमच्याच गाडीनं माहेरी निघाले होते. आठवतं?"

"न आठवायला काय? डोंगर चढताना तुझी निळी पिशवी टपावरून पडली. मी तिच्यासाठी गाडी थांबवली होती. एकतीस वर्षांत तेवढी एकदाच."

"त्याआधी कंडक्टरला पाठवलं होतं मी तुमच्याकडे."

काका जरा चाचरले. "हो... म्हणजे... नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसासाठी थांबवली असती तर लोक काय म्हणाले असते?"

"तुम्ही म्हणालात, तिला म्हणावं पुढच्या थांब्याला बघू. पुढचा थांबा दीड तासावर. सातवा महिना, आणि तुमची गाडी खड्ड्यातून उड्या मारतेय. मग मी कंडक्टरला म्हटलं, त्यांना सांगा पिशवी पडली."

"म्हणजे?"

"पिशवी माझ्या पायाशी होती."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, मी आणि कंडक्टर अर्धा मैल मागं चालत गेलो होतो! दरीत वाकून वाकून बघितलं! मी एका झुडपात शिरलो, सदरा फाटला माझा!"

"माहीत आहे. तेवढ्या वेळात मी उतरून आले."

"एकटी?"

"एकटी कुठली? अख्खी गाडी उतरली! बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. एक म्हातारे गृहस्थ तर मला हात जोडून म्हणाले, पोरी, औक्षवंत हो."

"पण मी परत आलो तेव्हा सगळे आपापल्या जागेवर होते!"

"होते ना. आणि सगळ्यांचे चेहरे कसे प्रसन्न होते, ते नाही आठवत?"

"आठवतं की! मी कंडक्टरला म्हटलंसुद्धा, बघ, डोंगरावरची हवा माणसाला कशी मानवते!"

"तो काय म्हणाला?"

"तो..." काकांना आता आठवलं. "तो रडत होता. मला वाटलं, पिशवी सापडली नाही म्हणून!"

काकूंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे गदगदायला लागलेच. काका आधी रागानं बघत होते. मग त्यांच्या नाकातून एक फुसकन आवाज निघाला. मग दुसरा. फाटका सदरा, दरीत ओणवे झालेले ते दोघं आणि मागं रांगेनं खाली उतरणारी अख्खी गाडी, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि ते हसत सुटले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"आणि मी... मी तुला नवी पिशवी आणून दिली!"

"चांगली होती. दहा वर्षं टिकली!"

"थांब, अगं थांब, हसवू नकोस," काका एकाएकी बाकाची कड धरून म्हणाले. "हसवू नकोस! ऊठ! भांडं कुठंय? भांडं!"

त्यानंतर नव्या गुडघ्यानं जी चाल धरली ती बघून मागून येणाऱ्या तारीखबाई "काका, हळू! पडाल!" म्हणून धावल्या. वॉकरची टकटक वऱ्हांडाभर घुमली. दार ढकललं गेलं, काकूंनी त्यांना बसवलं, भांडं हातात कोंबलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. दोघी बायका दाराबाहेर श्वास रोखून उभ्या राहिल्या. या खेपेला झालं का म्हणून कुणीही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आतून येणारा आवाज स्पष्ट होता, मधूनमधून तुटत होता, कारण काका अजून हसत होते.

तारीखबाईंनी भांडं उजेडात धरून रेघ वाचली. "तीनशे दहा." मग पलंगावर आणून पुन्हा मशीन लावलं. "आत राहिलेत साठ. उत्तम. नळीची गरज नाही."

"बाई, जीव भांड्यात पडला माझा," काकू म्हणाल्या. शिंपीमास्तर मापाच्या रेघांकडे आदरानं बघत म्हणाले, "हे बोलणं मी लहानपणापासून ऐकतोय. पण प्रत्यक्ष भांडं आज बघितलं."

तेवढ्यात मेहुणा जेवून आला. बातमी ऐकून त्यानं मान डोलावली. "मी सांगितलं होतं ना, मनात नदी आणा. उशिरा का होईना, पोचली."

तारीखबाई फळ्यावर वेळ लिहून परत आल्या तेव्हा काकांनी स्वतःहून त्यांना जवळ बोलावलं. रात्रीच्या चार फेऱ्या, तासाभरात लागणं, धार बारीक होणं, सगळं त्यांनी हळू आवाजात सांगून टाकलं. एकदा बायकोला सांगून झाल्यावर दुसऱ्यांदा सांगणं तितकं अवघड नव्हतं. सिस्टरांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत की अय्या म्हणाल्या नाहीत.

"हे आधी कुणाला दाखवलं का?"

"वय झालं म्हटलं. वयाला काय दाखवायचं?"

"तुमच्या वयाच्या निम्म्या पुरुषांना हे असतं, आणि निम्मे तुमच्यासारखेच गप्प बसतात. लघवीच्या विकारांचे डॉक्टर उद्या इथं येतातच. मी तुमचं नाव लिहून ठेवते."

संध्याकाळी हाडांचे डॉक्टर पुन्हा आले. गुडघा बघितला, फर्स्ट क्लास म्हणाले आणि निघता निघता त्यांचं लक्ष रिकाम्या हुकाकडे गेलं.

"अरे, नळी काढली वाटतं? कधी?"

"सकाळी नऊला, सर," तारीखबाई म्हणाल्या.

"छान, छान. लवकर काढलेली बरी. मी सांगितलंच होतं."

सिस्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि काकांकडे पाहिलं. काकांनी लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, कारण पुन्हा हसू आलं असतं तर पुन्हा उठावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी लघवीच्या विकारांचे डॉक्टर येऊन गेले. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटची गाठ वाढली होती, पण घाबरण्यासारखी नव्हती. झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि रात्री उशिरा चहा पिण्यावर बंदी घातली. पहिल्या गोष्टीला काका लगेच कबूल झाले, दुसऱ्यावर आठवडाभर घासाघीस चालली. महिन्याभरात रात्रीच्या फेऱ्या एकावर आल्या. गुडघ्याचे व्यायाम मात्र ते शेवटपर्यंत चुकवत राहिले आणि काकू शेवटपर्यंत मोजत राहिल्या.

अडीच महिन्यांनी दोघं लेकीकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली होती, अकरा दिवस राहिली. तिसऱ्याच दिवशी काकांचं आणि तिच्या शेजाऱ्याचं गाडी उभी करण्यावरून भांडण झालं. सहाव्या दिवशी तोच शेजारी त्यांच्याकडून गाडी मागं घ्यायला शिकत होता, आणि लेक खिडकीतून आईला म्हणत होती, "बाबांना आवर गं, ते त्याला मिनिटाला चार वेळा ओरडताहेत."

"ओरडू दे," काकू भाजी निवडत म्हणाल्या. "बरं वाटतंय त्यांना."